वन्संच्या आईचं पातेलं

१२ नोव्हेंबर २०२५

नळाला पाणी येणार होतं म्हणून पहाटेच उठले होते — परवाची गोष्ट. दोन ड्रम भरले, अंगण धुतलं, चिंच लावून मोठं पितळी पातेलं घासायला बसले. घासताना दिसलं, आतली कल्हई पार गेलीय. बूड पिवळंधमक! ह्यांचं वर्षश्राद्ध, वीस पानं. मी तेव्हाच म्हटलं, कढीला शेजारून स्टीलचं पातेलं आणू. पण ह्यांच्या थोरल्या बहीण, भामाबाई वन्सं, आदल्या दिवसापासून येऊन बसलेल्या.

"लक्ष्मणच्या श्राद्धाची कढी माझ्या आईच्याच पातेल्यात व्हईल. तुझं शहाणपण ऱ्हाऊ दे."

केली. तासाभरात आंबट पितळेला लागलं, कढी हिरवट. कळकली! सगळी मोरीत ओतली. आणि वन्सं पंगतीदेखत म्हणतात, "तीस वर्षं संसार केला, अन् नवऱ्याच्या श्राद्धाला साधी कढी सांभाळता येईना."

मी खाली मान घालून वरण वाढत राहिले. तिथंच सांगायला हवं होतं, पातेल्याचा हट्ट कुणाचा ते!

१३ नोव्हेंबर

अजून अंगाची आग होतेय.

१५ नोव्हेंबर

देवेशला पुण्याला फोन केला. म्हटलं, पातेलं मोडीत देते, नवीन घेते. "आई, आत्याला विचार ना आधी. उगं कटकट नको." चूल माझी, आणि विचारायचं आत्याला! कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवू नये, मी पेपरात वाचलंय, असं सांगितलं तर पोरगा हसला. "तू वाचायला लागलीस अन् पेपरवाल्याचं फावलं."

हसू दे. चाळिशीत एकटीनं अक्षरं लावलीत मी.

१७ नोव्हेंबर

छावणी भागात वन्संच्या घरी गेले. विचारलं. "आईची खूण मोडीत घालतीस, अनसूया? कल्हई करून आण की." कल्हईवाला गल्लीत येऊन किती वर्षं झाली, ते वन्संना काय ठाऊक! तेवढ्यात त्यांच्या मांडणीकडं नजर गेली. पितळेचं एक भांडं नाय. सगळं स्टील!

"वन्सं, तुमच्या वाटणीला आलेले आईंचे दोन पितळी हंडे कुठंयत?"

"ते व्हय... लेकीच्या, श्रेयाच्या लग्नात मोडीत घातले. लई जड. मला घासवत नव्हते."

घासवत नव्हते! आणि माझे हात काय लोखंडाचे? चहा न घेता उठले. रस्ताभर एकटीच बोलत आले. लोक बघत होते. बघोत.

घरी आल्यावर ह्यांचाही राग आला. "येत्या रविवारी कल्हई करून आणतो" — किती रविवार गेले! आणि मग स्वतःच गेले.

१८ नोव्हेंबर

कासारी बाजारात जाऊन पातेलं मोडीत दिलं. वन्संना सांगितलं नाही. दुकानदारानं स्टीलची पातेली मांडली. "मावशी, घरात माणसं किती?"

तोंडातून "दोन" निघालं. मग म्हटलं, "नाय. एक."

सगळ्यात लहान पातेलं घेतलं आणि घरी आले.