तू न सांगितलेलं माहेर

आई,

तुझं माहेर कुठलं, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. शेजारच्या खुर्चीत तुझा धाकटा बसला होता, खुर्चीचे हात दोन्ही मुठींनी धरून, जशी काही ती खुर्ची चालती गाडी आहे. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर आमचं घराणं मांडायला घेतलं होतं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. खाली आम्ही दोघं बहीणभाऊ, माझ्याखाली माझी लेक, आमच्यावर तू आणि बाबा. बाबांची बाजू भराभर भरली, कारण निफाडची ती सगळी माणसं मला ठाऊक आहेत, म्हातारपणीसुद्धा द्राक्षाच्या बागेतून ताठ चालत गेलेली. तुझ्या बाजूला मात्र एकच गोल, तुझा. डॉक्टरांनी त्याच्या वरच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं आणि वाट बघितली. मी म्हणाले, आईकडचं कुणी नाही. ते म्हणाले, नाही की माहीत नाही? त्यावर काय बोलायचं असतं, तू सांग.

धाकटा सातपूरच्या कारखान्यात लेथवर होता, आणि हात इतका सरळ की अवघड काम त्याच्याचकडे यायचं. आधी त्याने घडवलेले भाग, जॉब, रिजेक्ट व्हायला लागले. मग तो जिना उतरताना कठडा शोधायला लागला. मग त्याची जीभ जड झाली आणि फोनवर लोक त्याला विचारायला लागले, दुपारीच प्यायला बसलास का. मी बघत होते आणि मला कळत होतं, कारण हे सगळं मी एकदा पाहिलं होतं. तूही अशीच पाय फाकवून, भिंतीला खांदा घासत चालायचीस. डॉक्टरांनी सांगितलं की हा तोल सांभाळणाऱ्या मेंदूचा आजार आहे, औषध नाही, आणि तो रक्तातून येतो. आई-बापांपैकी एकात असला तर प्रत्येक मुलात यायची निम्मी शक्यता. म्हणजे माझ्यात निम्मी. आणि माझ्यात असला तर माझ्या लेकीत, जिच्या लग्नाची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. वरच्या पिढीत कुणाला, कोणत्या वयात, किती भराभर, हे कळलं तर पुढचा अंदाज बांधता येईल, असं ते म्हणाले. सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या जिवंत माणसापासून करा. त्यांच्यासाठी ते सोपं होतं. माझ्या घरातलं, तुझ्या बाजूचं, सगळ्यात म्हातारं जिवंत माणूस मीच होते.

घरी येऊन मी तुझी ट्रंक उपसली, वेड्यासारखी, अस्तरसुद्धा फाडून पाहिलं. लुगडी, बाबांचा स्वेटर, डांबराच्या गोळ्या. तुझं आयुष्य लग्नापासून सुरू होतं, त्याच्या आधी काहीच नाही. त्र्यंबकला गुरुजींकडे जाऊन आले. घराण्यांच्या नोंदी ठेवणारे ते गुरुजी भले होते, त्यांनी विचारलं, गाव सांगा, आडनाव सांगा. तेच शोधायला आले होते मी. परतीच्या बसमध्ये मला तुझा इतका राग आला की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का.

त्या रागात मला शाळेतला निबंध आठवला. माझे आजोळ. तू हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आहेस, मुलींच्या हॉस्टेलच्या, मोठ्या तव्यावर एका वेळी चार पोळ्या भाजतेस, आणि मी पिठाच्या डब्यावर बसून वही उघडते. सगळ्या मुली आजोळी जातात, मी काय लिहू? तू म्हणतेस, नदी आहे लिही, आंब्याचं झाड आहे लिही. मी म्हणते, खरं काय आहे? तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. उलथनं तुझ्या हातात होतं आणि मला वाटलं आता मार बसणार. तू फक्त एवढंच म्हणालीस, "हा विषय माझ्यासमोर परत काढायचा नाही." मी परत कधीच काढला नाही. आपण दोघींनी तो नियम इतका नीट पाळला की आता माझ्या पोरीचं आयुष्य त्यावर अडलंय.

शोध लागला तो एका शब्दावरून. मी पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, हे तुझ्या नंतरचं. हंगामात तिथे दोनतीन तालुक्यांतल्या बाया द्राक्षं निवडायला येतात. मधल्या सुट्टीत सटाण्याकडची एक बाई फोनवर कुणाशी तरी भांडत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "मनी आंडेर शे ती." मी हातातला डबा खाली ठेवला. लहानपणी झोप येताना तू माझ्या पाठीवर थोपटत आंडेर, आंडेर म्हणायचीस. मला वाटायचं तो नुसता लाडाचा आवाज आहे, त्याला अर्थ नाही. दिवसभर तू इतकी शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखी बोलायचीस. मी त्या बाईला विचारलं, आंडेर म्हणजे काय. ती हसली. म्हणाली, मॅडम, आंडेर म्हंजे पोरगी, आमच्या अहिराणीत.

मग मला आठवलं की बाबा कंडक्टर होते. आणि त्यांची गाडी सटाण्याची होती. एवढी साधी गोष्ट, आयुष्यभर डोळ्यांसमोर, आणि मी ती कधी जोडली नव्हती. निफाडला काकूकडे गेले. आधी ती म्हणाली, तुझ्या आईनं शपथ घातली हाय, मी नाय सांगणार. मी तिला धाकट्याचा व्हिडिओ दाखवला, अंगणातून चालतानाचा. काकूने तो पूर्ण पाहिला, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि तुझ्या गावाचं आणि तुझ्या वडलांचं नाव सांगितलं. एवढंच म्हणाली, लग्नानंतर ती माघारी गेली नाय, आणि तिकडचं कुणी आलं नाय.

तुझं गाव डाळिंबांचं आहे, आई. तू कधी घरी डाळिंब आणलं नाहीस. फाट्यावर उतरून मी टपरीवाल्याला तुझ्या वडलांचं घर विचारलं तर तो आधी ओळखेना. मग आत बसलेला एक म्हातारा म्हणाला, अरे, ते डोलणाऱ्यांचं घर विचारतेय ती. मी उभ्या उभ्या तो शब्द ऐकला. गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. कागद नको, डॉक्टर नको, त्यांनी घराला नावच ठेवलं होतं.

ओट्यावर एक बाई शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली आणि मला तुझा चेहरा दिसला, तू जगली असतीस तर झाला असता तसा. मी काही बोलायच्या आत ती उठली, आधार न घेता उठली, दोन पायऱ्या उतरून सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तू तिनी आंडेर शे ना?" तुला धाकटी बहीण आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत असं कळलं. मावशीला आजार नाही. तिच्यात तो आलाच नाही. तिने तुमच्या वडलांचं केलं, दोन्ही भावांचं केलं, आत्याचं केलं, तिला कुणी मागणी घातली नाही आणि ती त्याच घरात म्हातारी झाली. माझ्याशी बोलताना ती मराठी आठवून आठवून बोलत होती. कुणाला कोणत्या वयात सुरू झालं, कोण किती दिवस जगलं, ते मी विचारत गेले आणि ती सांगत गेली, आणि मला ते ऐकून रडूही येईना. तुमच्यातल्या ज्यांना लागलं, त्यांपैकी कुणालाच म्हातारपण मिळालेलं नाही.

मी विचारलं, तुम्ही तिला शोधलं का नाही? मावशी म्हणाली, ती आली होती की. ज्या वर्षी माझं लग्न झालं त्याच वर्षी तू गेली होतीस, सकाळच्या गाडीने, काठी घेऊन. ओट्यावर बसलीस, भाकरी खाल्लीस. मावशीला म्हणालीस, मलाही ते लागलंय, पण पोरीला चांगलं घर मिळालंय, तिच्या सासरी कळता कामा नये. तू येऊ नको, मी मेले तरी येऊ नको. मग मावशीने मला विचारलं, तिला कामावरून का काढलं ते माहीत आहे का. मला माहीत होतं. तुझी डगमगती चाल बघून हॉस्टेलच्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, तू दारू पितेस का, आणि तू मान खाली घालून हो म्हणालीस. तू थेंबाला शिवत नव्हतीस. मी तेव्हा किती भांडले होते तुझ्याशी, खोटं का कबूल केलंस म्हणून, आणि तू म्हणालीस, जाऊ दे, काम दुसरं मिळेल. मावशी म्हणाली, "दारुडीच्या पोरीला लोक करून घेतात गं. आमच्या घरातलीला नाही."

आई, त्या ओट्यावर बसून मला सायकल आठवली. दहावी झाल्यावर तू मला जुनी सायकल घेऊन दिली होतीस, आणि मी गल्लीतून जाताना तू दारात उभी राहून वळणापर्यंत बघायचीस. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, आईला मी नजरेआड झालेली खपत नाही. तू माझा तोल बघत होतीस. रोज बघत होतीस. एवढं सगळं एकटीने उरात घेऊन तू पोळ्या कशा लाटल्यास, ते मला विचारायचंय. पण त्याहून जास्त मला तुझ्यावर ओरडायचंय. तू मला सांगितलं असतंस तर मी मूल होऊ दिलं असतं का? आणि हा प्रश्न मनात आला की माझी लेक डोळ्यांसमोर उभी राहते, केस पुसत, गाणं पुटपुटत, आणि मला स्वतःचीच भीती वाटते.

धाकट्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आहे. त्यानंतर बरेच दिवस मी लेकीला काही बोलले नाही. मुलाकडचे साखरपुड्याची तारीख विचारत होते, मी मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींवर ढकलत होते. मग एकदा ती साड्यांचे फोटो दाखवत होती आणि मी तिला मध्येच थांबवून सगळं सांगितलं, तुझ्यापासून, तुझ्या वडलांपासून. तिने फोन बाजूला ठेवला. म्हणाली, मी त्याला सांगणार, आजच. मी तिचे हात धरले, म्हटलं, आधी माझी तपासणी होऊ दे, मी निर्दोष निघाले तर तुलाही काही नाही, मग सांगायची वेळच येणार नाही. ती म्हणाली, "आई, त्याला नंतर कळलं तर ते माझं लबाडीचं लग्न होईल." तिने सांगितलं. मुलगा एकदा येऊन गेला, चहा घेतला, थोडा वेळ दे म्हणाला. त्याच्या आईचा फोन त्या दिवसापासून नाही. लेक कामावर जाते, येते, जेवते. साड्यांचे फोटो तिने काढून टाकलेत. मी भांडी घासताना विचार करते, तुझ्या पद्धतीने वागले असते तर आज या घरात मांडव उभा राहिला असता.

गेल्या रविवारी आम्ही तिघं तुझ्या गावी गेलो. जायचा हट्ट लेकीचा. धाकट्याला गाडीतून उतरवायला मी आणि ती दोन बाजूंनी झटत होतो आणि तो ओशाळून नको नको म्हणत होता. मावशी आली, आम्हाला बाजूला सारलं, त्याच्या मागे उभी राहिली आणि त्याचा कमरेचा पट्टा पाठीमागून मुठीत धरला. म्हणाली, चाल, मी शे. आणि तो चालला, आई. अंगण ओलांडून ओट्यापर्यंत, हात मोकळे सोडून. ओट्यावर बसल्यावर तो रडला. आजार झाल्यापासून पहिल्यांदा. मावशीने त्याला रडू दिलं आणि लेकीपुढे डाळिंब फोडून ठेवलं.

मी आता रक्त दिलंय. मुंबईला जातं ते, रिपोर्टला वेळ लागतो. रोज सकाळी बाथरूममध्ये डोळे मिटून एका पायावर उभी राहते आणि पडले नाही तरी विश्वास बसत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून तू मान डोलावली असतीस. लॅबच्या मुलीने रिपोर्टसाठी दोन फोन नंबर मागितले होते. निघताना लेकीने बजावलं होतं, माझाही नंबर लिही, आपण एकदमच बघू.

मी फक्त माझा दिला.