उशाजवळची खुर्ची

४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ., रागावले असले तरी पूर्ण.

इस्पितळाच्या नव्या वॉर्डासाठी रुग्णांची नि त्यांच्या घरच्यांची समिती झाली, तीत तुला घेतलं, तेव्हा मी गप्प बसले. पण काल समितीतल्या शिंपीणबाईंनी सांगितलं, तू तिथे म्हणालीस की सोबत बसणाऱ्याला बुटकी खुर्ची द्या, म्हणजे रोग्याला मान न उचलता आपलं माणूस दिसेल. हे बोलणं कुणाचं गं? माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहा पीत ऐकलंस. तुझ्या भावोजींच्या उशाशी दोन वर्षं मी काढली. तू स्वतःच्या मनगटाच्या प्लास्टरपुरती एक दुपार. पोटात दुखतंय माझ्या, लपवत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे, सध्या जरा कमी.

अक्का

९ मार्च

ती. अक्कास,
सा. न., कान धरून.

बोलणं तुझंच. पण समितीत कोण येईल असं इस्पितळाच्या बाईंनी विचारलं, तेव्हा मी तुझ्याकडेच पाहिलं होतं. तू पर्सची कडी उघडझाप करत बसलीस, कुणी आग्रह करील म्हणून. तिथे आग्रह नसतो गं. माझा हात वर गेला.

लहानपणापासून तू बोलायचीस, मी मान डोलवायची. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे पहिल्यांदाच, म्हणून सोडवत नव्हतं. पण आता नमुन्याच्या खुर्च्या आल्यात आणि मी सगळ्यांनाच छान म्हणून बसले. शुक्रवारी एक पक्की करून अख्ख्या वॉर्डाला घेणार. चुकीची निवडली तर माणसं वर्षानुवर्षं अवघडून बसतील. माझ्या जागी तू जा, बाईंना कळवलंय.

ओरड हवं तेवढं, माया पातळ करू नकोस.

चिमणी

१६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ., या खेपेला विनाअट.

गेले. बसून पाहिलं, तर खुर्चीची हात टेकायची दांडी पलंगाच्या कठड्याला अडते. रोग्याचा हात धरायचा कसा? मी म्हटलं, दांड्या काढा. काठी टेकत आलेले एक बसड्रायव्हर म्हणाले, मग आम्ही उठायचं कशाला धरून? राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. शेवटी पलंगाकडची काढायची, दुसरी ठेवायची, असं ठरलं.

सूचना कुणाच्या नावावर लिहू, असं बाईंनी विचारलं. तुझंही नाव घ्यावं असं मनात होतं; तोंडातून माझंच आलं. तुझी जागाही मला देत होत्या. ती घेतली नाही, शेजारी आणखी एक मागून घेतली. याला मोठेपणा समजू नकोस. तू तिथे बोलणार आणि मी घरी बसणार, तर जळून कोळसा होईन. त्यापेक्षा शेजारी बसून जळलेलं परवडलं.

पुढच्या बैठकीला वेळेवर ये. माया आहे तेवढी आहे, मोजत बसू नकोस.

अक्का