एकेचाळीस सांधे

प्रिय ठमे,

अडगळीची खोली रिकामी करून मी रेकॉर्डिंगची खोली केली. भिंतींना गाद्या मीच शिवून ठोकल्या. टेबललॅम्पची दांडी कापून माइकचा स्टँड केला, आईच्या भरतकामाच्या रिंगवर जुना मोजा ताणून माइकपुढची जाळी केली. आणि त्या खोलीत तुझ्या आईनं माइकपुढे वाचलेली एकशे बारा बोलकी पुस्तकं याच दोन हातांनी कापली, जोडली. कुणाकडे एक अक्षर न शिकता. हे तुला ऐकून ऐकून पाठ झालंय. पण परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, रोज तिचा आवाज कानाला लावून बसत होतात ना? मग कळलं कसं नाही?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून पुन्हा केला नाहीस. म्हणून लिहितोय.

वाचताना आई अडखळली, खोकली, की तेवढं कापून पुढचं वाक्य मागच्याला जोडायचं. नुसतं चिकटवलं तर टक् असं वाजतं. म्हणून पहिला तुकडा मावळत न्यायचा आणि त्याच्यावरच दुसरा उगवत आणायचा, वीस-पंचवीस मिलिसेकंदांत. दोन्ही सरळ रेषेत नेले तर मधोमध आवाज खचतो. वळणदार रेषा लागते. ती सापडायला मला वर्ष लागलं. प्रकाशकाकडची शिकलेली पोरं विचारायची, "काका, सांधा कुठाय?" मी म्हणायचो, शोधा. काय चढायची मला तेव्हा!

शेवटच्या पुस्तकाला खोकला वाढला. आई म्हणाली, "धूळ आहे सगळी. मेल्या त्या गाद्या कधी उन्हात टाकणार आहात?" मी खिळे काढून गाद्या उन्हात टाकल्या. आणि कापत राहिलो. आवाज घोगरा यायला लागला, तर वरचे सूर थोडे उचलून उजळ केला. तूच कळवलंस, आईचा आवाज काय लागलाय म्हणून. तुला बोल लावत नाही. तू ऐकलास तो मी केलेला आवाज होता.

घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला, त्यानंतर मी न कापलेलं रेकॉर्डिंग उघडलं. पहिल्या प्रकरणात तीन खोकले, नवव्यात एकेचाळीस. एकेचाळीस सांधे, आणि एकही ऐकू येत नाही. नववं जोडून झालं त्या दिवशी मी तिला हाक मारून ते ऐकवलं होतं, कौतुक करून घ्यायला. घसा धरून ती "छान" म्हणाली होती. कळलं कसं नाही, विचारतेस. प्रत्येक खोकला मी ऐकला गं. कुठून कुठपर्यंत कापायचा, एवढंच ऐकलं.

आई बरी आहे. पाटीवर लिहून बोलते. काल लिहिलं, "तीस वर्षं गप्प बस म्हणत होतात. घ्या!" आणि हसली, नुसते खांदे हलले. मी दमलोय, ठमे. हेडफोन लावला की कान दुखतात.

आता दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो. पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं राहिली आहेत. प्रकाशक म्हणतात, एकशे बारा पुस्तकांत हवा तो शब्द मिळेल. तिच्याच आवाजातले शब्द वेचून तुम्ही जोडा, कुणाला कळणारही नाही. खरंच नाही कळणार. आईला विचारलं तर तिनं लिहिलं, "जमेल तुम्हाला." रात्रभर त्या दोन शब्दांशी बसलो. तिसऱ्या खेपेला प्रकाशकांनी आकडा कागदावर लिहून पुढे सरकवला: तीन प्रकरणांचे सहा लाख. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा