पक्ष्याखाली उभं राहायचंय

आई,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता लांबूनच नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. झोपेचं मागाहून सांगतो.

आमच्याकडे यंदा इंजिनिअरिंगच्या आणि चित्रकलेच्या मुलांना जोडीनं काम दिलंय. माझ्या जोडीदारणीनं पंख हलवणारा पत्र्याचा पक्षी केलाय. चौघांनाही उचलवत नाही! तो छताला टांगायचा हिशेब माझ्याकडे. तिला तारा अगदी बारीक हव्यात, म्हणजे तो उडतोय असं वाटेल. मी आकडेमोड करून सांगितलं, "धरतील." सरांनीही तपासलंय, तेव्हा तू काळजी करू नकोस.

येत्या शुक्रवारी सकाळी तो टांगायचाय. इथली रीत अशी, की ज्यांनी बनवलं त्यांनीच आधी खाली उभं राहायचं. मी म्हटलं, मी एकटाच राहतो. ती हसली. म्हणाली, "तू धरतील म्हणालास ना? मग धरतील."

तिला गणितातलं ओ की ठो कळत नाही गं. ती नुसती माझ्या शब्दावर उभी राहणार. तेव्हापासून रोज रात्री उठून तेच आकडे पुन्हा मांडतोय.

तू ऐन उन्हाळ्यात अंथरूण पंख्याखालून बाजूला ओढायचीस आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. अजून ओढतेस ना?

बाबांना यातलं काही बोलू नकोस. फक्त शुक्रवारी सकाळी घरात कुणालाच पंख्याखाली बसू देऊ नकोस. उगाच आपलं.

तुझ्यावरच गेलेला,
तुझा धाकटा