सुई लागली की पसरतो

दादा,

सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, पण आज तुला हात जोडायची माझी मुळीच इच्छा नाही.

छातीतला कॅन्सर लिव्हरमध्ये उतरला, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "लिव्हरच्या गाठीचा सुईने तुकडा काढून तपासू. पेशींवरचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे पकड घेतं त्या जागा, बदललेल्या असू शकतात. औषध त्यावर ठरतं, आणि किती जगणार हेही बरंचसं त्यावरच." मी हो म्हणायच्या आत तू तोंड घातलंस. "सुई लागली की पसरतो! छातीच्या गाठीचा रिपोर्ट आहे ना? त्यावरूनच औषध द्या."

अरे, मी कपडे शिवणारी बाई. जन्मभर बोटांत सुया टोचून घेतल्या, आणि मला सुईची भीती तू घालणार? पण बाबांच्या माघारी तू वाढवलंस, म्हणून गप्प बसले. जुन्याच गोळ्या गिळत राहिले आणि गाठी खुशाल वाढत राहिल्या.

शेवटी तुला न सांगता सुई लावून घेतली. रिसेप्टर खरंच बदललेत. त्यांच्यासाठी वेगळं औषध आहे, त्यावर काहीजण वर्षानुवर्षं काढतात. "आधीच तपासलं असतं तर..." एवढंच बाई म्हणाल्या.

काल हे ऐकून तू माझ्या शिलाई मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडलास. लहानपणी इंजेक्शन मला असायचं आणि रडायचास तू. समजूत तेव्हाही मीच काढायचे.

हे पत्र तुला देणार नाही. पुन्हा रडशील, आणि पाण्याचा ग्लास पुन्हा मलाच आणावा लागेल.

पण भीती तुझी होती, दादा. लिव्हर माझं होतं.

उद्यापासून नवं औषध घेणारी,
तुझी धाकटी