शेपटातला ठिपका

३ मार्च, सोमवार
दिसला! चित्रात चांगला ठळक ठिपका दिसला!

सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यानं ग्रहामागे ओढून लांबवलेलं त्याच्या चुंबकीय क्षेत्राचं शेपूट. त्यात खळबळ झाली की काही कण आपला विद्युतभार टाकून सरळ रेषेत निसटतात. ते टिपणारा कॅमेरा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बांधलाय — उभी हयात घालून. त्याला ती खळबळ दिसेल का, हे आधी संगणकात घडवून बघायचं, हे माझं काम; ठिपका म्हणजे ती दिसली. शुक्रवारी समिती ठरवणार, कॅमेरा यानावर घ्यायचा की नाही.

मॅडम माझ्या खुर्चीमागे कितीतरी वेळ उभ्या होत्या. "पोरी, जीव भांड्यात पडला."

घरी फोन केला. धाकटा म्हणतो, "ग्रहाला शेपूट? मग ताई, शिंगंही शोध!" बाबा गोदामातून दमून आलेले, तरी हसले. "घरातली पहिली पदवी, आता पहिला ठिपका!"

४ मार्च
खळबळीची जागा बदलून पाहिली. ठिपका तिथेच. असं कसं?

५ मार्च
नको तेच निघालं. संगणकातलं अवकाश म्हणजे शेवटी एक पेटी. गणित लवकर उरकावं म्हणून मी ती आखूड घेतली होती. खळबळीची लाट पेटीच्या टोकाच्या भिंतीवर आपटून परतत होती, तिथे ठिपका उमटत होता. भिंत मागे सरकवली, ठिपकाही मागे सरकला. पेटी खूप लांब केली — ठिपका गायब! खरी खळबळ इतकी फिकी, की कॅमेऱ्याला दिसणारच नाही. अवकाशात भिंत कुठली!

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "शुक्रवारपर्यंत कोणाशी बोलू नकोस." एवढंच.

म्हणजे काय समजायचं मी?

६ मार्च
 आईनं फोनवर आवाजावरूनच ओळखलं. म्हटलं, मॅडम बहुतेक खोटं चित्र दाखवणार. तिनं विचारलं, "मग तू काय करणार?"

समितीसमोर उठून बोलणार. फळ्यासमोर न घाबरता उभं राहायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच विरुद्ध! 

७ मार्च
उठावं लागलं नाही. मॅडमनी आखूड आणि लांब पेटीची दोन्ही चित्रं समितीसमोर शेजारी शेजारी लावली. "डावीकडचं चुकीचं आहे. माझ्या कॅमेऱ्याला ही खळबळ दिसत नाही. हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं, म्हणून हिला गप्प बसवलं होतं."

आणि मी त्यांना काय समजत होते!

कॅमेरा यानावर घेणार नाहीत. पुढचं यान निघेल तोवर मॅडम निवृत्त झालेल्या असतील.