निकालाआधीचा गुलाल

भागवतदादास,

देवणीच्या शंकरपटात शर्यतीच्या बैलांची तपासणी मी केली होती. अहवालावर सही आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांची होती, म्हणून तुला वाटलं की त्यांना बाहेरून कुणीतरी सांगितलं.

कुणी सांगितलं नाही. तुझी जोडी पळून आली तेव्हा निकाल लागायचा होता, तरी सर्जाच्या शेपटीच्या बुडाशी गुलाल होता. गुलाल जिंकल्यावर लावतात, तोही पाठीवर आणि शिंगांवर. तू निकाल ऐकायला गेलास तेव्हा मी ओल्या कापसाने पुसून पाहिलं. बैल टोचायच्या पराणीला, त्या खिळ्याच्या काठीला, बंदी असताना गुलालाखाली तिच्या खिळ्याच्या सात ताज्या जखमा होत्या. मी सात लिहिल्या.

तुझ्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्या संध्याकाळी तू म्हणालास, "जया, ही चुगली हनुमंताचीच हाय. त्याची जोडी दुसरी आली न्हाई का? लई हसून राहिला होता. दावतो त्याला."

मी म्हणाले, "दादा, जेवून घे." तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

तिसऱ्या दिवशी तू त्याच पराणीने त्यांना मारलंस. काल लातूरच्या दवाखान्यात जाऊन आले. हनुमंतकाकांचा उजवा डोळा गेला आहे. त्यांनी मला विचारलं, "पोरी, म्या काय केलतं गं त्याचं?" मी त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि बाहेर आले.

बाहेर पोलीस होते. त्यांनी भांडणाचं कारण विचारलं. "माहीत नाही" असं मी लिहून दिलं आणि खाली सही केली. या वेळी सही माझीच होती.

जया